ट्रेलर दर वेळी डॉकला तिरकाच लागतो? कुठून तपासायला सुरुवात करायची

अरुंद डॉकला, म्हणजे गोदामात माल चढवायच्या-उतरवायच्या फलाटाला, ट्रेलर लावताना जी बोंब होते ती ठरावीक प्रकारांतलीच असते. यार्डात शंटिंग करताना, म्हणजे ट्रेलर इकडून तिकडे हलवताना, आणि नव्या ड्रायव्हरांना शिकवताना तीच तीच पुन्हा समोर येते. तुमची कुठली ते आधी ओळखा, कारण उपाय त्यावरून ठरतो.

लक्षणं

ट्रेलर डॉकपर्यंत येतो, पण एक कोपरा डॉकच्या रबरी बंपरला टेकतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात आख्खा तळहात जाईल एवढी फट राहते.

शेवटच्या चार-पाच मीटरांत ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झुलत राहतो आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर जास्तच झुलतो.

वळण निम्म्यावर असतानाच हॉर्स (ट्रेलर ओढणारी पुढची गाडी) आणि ट्रेलर दुमडायला लागतात.

ट्रेलर रेषेत येतो, पण हॉर्सचं तोंड समोरच्या भिंतीला किंवा उभ्या गाडीला अडकतं.

स्टेअरिंग बरोबर फिरवूनही ट्रेलर कायम एकाच बाजूला ओढ घेतो.

गाडी नीट लागली, फोर्कलिफ्ट आत-बाहेर करायला लागली आणि मग फट पडली.

पहिली चार लक्षणं बहुतेक वेळा हाताची किंवा सुरुवातीच्या जागेची असतात. पाचवं गाडीचं. सहावं ब्रेक आणि सस्पेन्शनचं. डॉकच मुळात चुकीचा बांधलेला असणं हेही होतं, पण त्याकडे शेवटी येऊ.

थोडासा तिरकेपणा एवढा का नडतो? १२ मीटर लांबीचा ट्रेलर रेषेपासून फक्त एक अंश सरकला तरी पुढच्या आणि मागच्या टोकात सुमारे २० सेंटिमीटरचा फरक पडतो. ट्रेलरची रुंदी अडीच मीटर धरली तर तीन अंशांच्या तिरकेपणाने मागच्या एका कोपऱ्यात १३ सेंटिमीटर फट राहते. लेव्हलरची, म्हणजे डॉक आणि ट्रेलर जोडणाऱ्या फळीची, जीभ एका बाजूला पुरती टेकते आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम काठावर, आणि त्यावरून भरलेली फोर्कलिफ्ट जाणार असते. म्हणून "चालतंय तेवढं" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

फुकटातली पहिली तपासणी: दोष कुणाचा

गाडीला हात लावण्याआधी अदलाबदल करून बघा. तोच ट्रेलर दुसऱ्या डॉकला लावा. त्याच डॉकला दुसरा ट्रेलर लावा. शक्य असेल तर तोच ट्रेलर दुसऱ्या ड्रायव्हरला लावायला द्या. दोष ड्रायव्हरबरोबर फिरला तर तो हाताचा, ट्रेलरबरोबर फिरला तर गाडीचा, आणि कुणीही आलं तरी तिथेच राहिला तर जागेचा. हे न करता थेट अलाइनमेंट करायला पळणारे पुष्कळ आहेत. गाडी तिकडून परत येते आणि पुन्हा तशीच तिरकी लागते.

डॉकच्या रबरी बंपरकडेही एकदा नीट बघा. दोन्ही सारखे घासलेले असतील तर डॉकवर संशय घ्यायचं कारण नाही. एकाच बंपरचा कोपरा फाटलेला, आतला बोल्ट उघडा पडलेला आणि दुसरा जवळजवळ नवा असेल, तर इथे सगळेच एका बाजूने तिरके येतात. मग तुमच्या हाताला दोष देण्याआधी समोरची मोकळी जागा मोजा.

उतरा आणि बघा

दुसरी तपासणीही फुकटच, आणि तीच सगळ्यात जास्त टाळली जाते. रिव्हर्स टाकण्याआधी खाली उतरून डॉकपर्यंत चालत जा. जमिनीवर पॅलेटचा तुटका तुकडा, खड्डा, पाण्याखाली दडलेला उतार, शेजारच्या गाडीचा बाहेर आलेला आरसा, वर लटकणारी केबल किंवा छताची कड, हे सगळं केबिनमधून दिसत नाही. मागचे दरवाजे उघडायचे असतील तर आत्ताच उघडून पूर्ण मागे वळवून हुकात अडकवा. गाडी खाचेत शिरल्यावर दरवाजा उघडायला जागाच उरत नाही, मग पुन्हा पुढे घ्यावी लागते.

मागे येतानाही शंका आली की थांबा, ब्रेक लावा, उतरा. यात कमीपणा काही नाही. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू द्या.

आरसे आणि आवाज

आरशात ट्रेलरची बाजू काठाला बारीक पट्टीएवढीच दिसली पाहिजे, बाकीचा आरसा मागची जमीन आणि मागच्या चाकांसाठी. अर्धा आरसा ट्रेलरच्या पत्र्याने भरलेला असेल तर तुम्हाला ट्रेलर दिसतोय, रस्ता नाही. बहिर्गोल आरशात वस्तू आहे त्यापेक्षा लांब दिसते, म्हणून अंतराचा अंदाज सपाट आरशावरून घ्या आणि बहिर्गोल आरसा फक्त "तिथे काही आहे का" एवढ्यासाठी वापरा. रिव्हर्सचे दिवे पुसा. रेडिओ बंद, काच खाली. टायर कडेला घासल्याचा आवाज आरशाच्या आधी कानाला कळतो.

खरी गोम: रिव्हर्स टाकण्याआधीची जागा

माझ्या मते तिरके लागणारे बहुतेक ट्रेलर सुरुवातीच्या जागेमुळे तिरके लागतात. ते दिसतं मात्र डॉकला टेकल्यावर. मग ड्रायव्हर शेवटच्या दोन मीटरांत स्टेअरिंगशी झटापट करतो, जिथे काहीही सुधारण्याइतकी लांबी शिल्लक नसते.

आधी बाजू. जमेल तितक्या वेळा ड्रायव्हरच्या बाजूने मागे घ्या, म्हणजे स्टेअरिंग उजवीकडे असलेल्या गाडीत डॉक तुमच्या उजव्या हाताला यायला हवा. तेव्हा खिडकीतून डोकं काढून ट्रेलरची मागची चाकं आणि डॉकची रेषा दोन्ही प्रत्यक्ष दिसतात. आंधळ्या बाजूने मागे घेताना ट्रेलर वळायला लागला की त्या बाजूच्या आरशात नुसता पत्राच दिसतो. यार्डाला पूर्ण चक्कर मारून योग्य बाजूने यायला पाच मिनिटं गेली तरी जाऊ द्या.

मग रांग. डॉकच्या रांगेसमोरून जाताना उभ्या गाड्यांच्या तोंडांपासून साधारण एका गाडीच्या रुंदीएवढं, म्हणजे तीनेक मीटर अंतर ठेवा. तुमचा डॉक खांद्याच्या रेषेत आला की डॉकपासून दूर काटा (स्टेअरिंग वळवा), आणि पुढे जात लगेच उलटं काटून हॉर्स सरळ करा. थांबाल तेव्हा ट्रेलरचं मागचं टोक डॉककडे बघत असलं पाहिजे, कोन ४५ अंशांच्या आसपास, आणि हॉर्स-ट्रेलर जवळजवळ एका रेषेत. सरळ रेषेतल्या गाडीला मागे येताना दुमडायला पुष्कळ वाव असतो. सुरुवातच दुमडलेल्या अवस्थेत केलीत तर तो वाव आधीच संपलेला असतो, म्हणून तिसरं लक्षण दिसतं.

जागा लहान असेल तर ४५ अंश मिळत नाहीत. मग मिळेल तो कोन घ्या, पण त्यासाठी हॉर्स ट्रेलरच्या रेषेतून बाहेर काढू नका. कोन कमी असला तर एक-दोनदा पुढे घ्यावं लागेल, एवढंच.

चौथं लक्षण, म्हणजे हॉर्सचं तोंड समोर अडकणं, हेही इथलंच. ट्रेलर खाचेत शिरत असताना हॉर्सला शेवटी त्याच्या समोर यावंच लागतं आणि त्या वेळी पुढचा कोपरा रुंद फिरतो. समोरची जागा कमी असेल तर वळण लवकर सुरू करा, म्हणजे ट्रेलरचा बराचसा कोन हॉर्स समोर येण्याआधीच तुटलेला असेल.

हात

स्टेअरिंग खालच्या टोकाला धरा. हात डावीकडे नेला की ट्रेलरचं मागचं टोक डावीकडे जातं, उजवीकडे नेला की उजवीकडे. उलटा विचार करावा लागत नाही. सरळ मागे येताना आणखी एक सोपा नियम आहे: ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसायला लागला, त्याच बाजूला स्टेअरिंगचं वरचं टोक थोडं फिरवा. तो सरळ होतो.

आता झुलण्याचं कारण. स्टेअरिंग फिरवल्यावर आधी हॉर्सचा कोन बदलतो, तो किंगपिनला (ट्रेलर हॉर्सला जोडणाऱ्या खुंटीला) बाजूला ढकलतो, आणि मग कुठे ट्रेलर वळतो. मध्ये मीटरभर प्रवास जातो. नवा ड्रायव्हर त्या मीटरभरात काही होत नाही म्हणून आणखी काटतो, आणि परिणाम येतो तेव्हा दोन्हींचा एकदम येतो. मग तो घाबरून उलटं काटतो, तेही जास्तच. उपाय कंटाळवाणा आहे: थोडं काटा, क्लच किंवा ब्रेकवर गाडी रांगवत ठेवा, आणि परिणाम दिसेपर्यंत हात स्थिर ठेवा. चालण्यापेक्षा जास्त वेगात कधीच नाही. लांब ट्रेलर सावकाश प्रतिसाद देतो, आखूड ट्रेलर पटकन दुमडतो. आज आखूड आणि उद्या लांब लावणाऱ्याचा हात म्हणूनच चुकतो.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात घ्या. मागे येताना स्टेअरिंग सरळ केलं म्हणून ट्रेलरचा कोन वाढायचा थांबत नाही. हॉर्स आणि ट्रेलरमध्ये कोन आहे तोवर तो वाढतच जातो. म्हणून हवा तो कोन येण्याच्या थोडं आधीच उलटं काटायला सुरुवात करावी लागते, आणि मग हॉर्सला ट्रेलरच्या मागोमाग न्यावं लागतं.

नजर ट्रेलरच्या शेवटच्या कोपऱ्यावर नको, मागच्या चाकांवर हवी. ट्रेलर फिरतो तो चाकांच्या भोवती. चाकं पिवळ्या रेषेच्या आत बरोबर शिरली की मागचं टोक कुठे जाणार ते ठरूनच गेलेलं असतं.

उभ्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण लॉकपर्यंत पिळू नका. टायर जागेवर खरवडले जातात आणि पॉवर स्टेअरिंगचा पंप तापतो. गाडी किंचित हलत असताना फिरवा.

पुढे घ्या

ट्रेलर तिरका लागला तर सुधारण्याचा मार्ग एकच, पुढे घेणं. पुढे जाताना ट्रेलर आपोआप हॉर्सच्या मागे सरळ होतो. मागे येताना तो आपोआप कधीच सरळ होत नाही. डॉकला टेकून डावं-उजवं करत बसण्यात म्हणूनच अर्थ नाही.

दोन प्रकार वेगळे ठेवा. ट्रेलर जागेवर आहे पण कोनात आहे: तर हॉर्स डॉकच्या रेषेत आणून सरळ पुढे जा, ट्रेलर रेषेत येईपर्यंत. ट्रेलर सरळ आहे पण अर्धा मीटर बाजूला आहे: तर पुढे जाताना हव्या त्या बाजूला काटा, लगेच उलटं काटून सरळ करा, आणि ट्रेलर मागोमाग येईपर्यंत पुढेच जा. हे दोन्ही एकाच वेळी करायला गेलात तर एकही होत नाही. हॉर्सच्या लांबीपेक्षा कमी पुढे घेतलंत तर फारसा फरक पडणार नाही, जागा असेल तेवढी सगळी वापरा.

किती वेळा पुढे घेतलं यावर ड्रायव्हरची लायकी ठरत नाही. डॉकवर चहा पीत उभे असलेले लोक ठरवतात तसं, पण त्यांना गाडी लावायची नसते.

मात्र हवेच्या मीटरकडे लक्ष असू द्या. आयडलवर सारखे ब्रेक मारत राहिलं की टाकीतली हवा भरण्यापेक्षा लवकर संपते. साधारण ४ ते ५ बारच्या आसपास बझर वाजतो, आणि त्याच्याही खाली गेलं की स्प्रिंग ब्रेक आपणहून लागतात, तेही वळणाच्या मध्यावर. प्रेशर उतरताना दिसलं तर थांबा, इंजिन थोडं रेस करून हवा भरून घ्या. क्लचचा वास आला तरी थांबा.

मागचा माणूस

इशारा एकानेच द्यायचा. तिघे ओरडत असतील तर कुणाचंच ऐकू नका. सुरू करण्याआधी "थांब" ची खूण ठरवून घ्या. तो आरशातून दिसेनासा झाला की त्या क्षणी ब्रेक, विचार नंतर. आणि ट्रेलर व डॉक यांच्या मधल्या जागेत कुणीही उभं राहायचं नाही, फट किती उरली ते सांगायलासुद्धा नाही.

आता गाडी

इथपर्यंतचं सगळं बरोबर असून ट्रेलर एकाच बाजूला ओढत असेल, तर गाडीखाली बघायची वेळ आली.

टायर आधी. गार असताना गेजने दोन्ही बाजूंची हवा मोजा. लाथ मारून किंवा हातोडी वाजवून नाही, जोडीतल्या आतल्या टायरमधली कमी हवा तशी कळत नाही.

लिफ्ट अॅक्सल असेल तर तो वर आहे की खाली ते बघा. त्याने ट्रेलर फिरायचा बिंदू सरकतो आणि कालचा अंदाज आज चुकतो. मागचा अॅक्सल स्वतः वळणारा असेल तर रिव्हर्सला तो लॉक व्हायलाच हवा. पुढे जाताना छान चालणारा आणि मागे घेताना मात्र वेड्यासारखा वागणारा ट्रेलर दिसला की मी सगळ्यात आधी हे लॉक बघतो. काही गाड्यांत ते रिव्हर्स लाइटच्या वायरवर चालतं, आणि दोष त्या वायरच्या सॉकेटमधल्या गंजात निघतो.

फिफ्थ व्हील, म्हणजे हॉर्सवरची जी प्लेट आपल्या जबड्यात किंगपिन धरते ती, कोरडी असेल तर ट्रेलर आधी अडून राहतो आणि मग झटक्याने वळतो. वळताना कर्रकर्र आवाज येतो. ट्रेलर सोडून प्लेट बघा, ग्रीस वाळून घट्ट झालेलं असेल तर खरवडून नवीन लावा. ग्रीस न लागणारी प्लेट असेल तर तिला लावू नका. जबड्यात खेळ आहे का ते बघायला ट्रेलरचे ब्रेक लावून हॉर्स हळूच पुढे-मागे करा. ठक्क असा स्पष्ट आवाज आला तर त्यापुढे तुमचं काम नाही.

एका चाकाचा ब्रेक धरून राहतो का? थोडी गाडी चालवून हबजवळ हाताची मागची बाजू न्या, स्पर्श न करता. एकच हब भाजल्यासारखा तापला असेल तर तो ब्रेक सुटत नाहीये.

शेवटी खेकडाचाल. सरळ, सपाट रस्त्यावर सरळ चालवताना एका आरशात ट्रेलर जास्त आणि दुसऱ्यात कमी दिसत असेल तर अॅक्सल सरकलेला आहे. कमानपाट्याचा सेंटर बोल्ट तुटलेला, यू-बोल्ट ढिला किंवा टॉर्क रॉडचे बुश गेलेले असतात. बोल्टच्या शेजारी घासून चमकणारा धातू किंवा गंजाची ताजी लाल रेघ दिसली तर तिथेच शोधा. हा ट्रेलर कितीही वेळा पुढे घेतलात तरी सरळ लागणार नाही.

नीट लागला, मग फट पडली

फोर्कलिफ्ट आत जाताना आणि ब्रेक मारताना दर वेळी ट्रेलरला थोडा पुढे ढकलते. पार्किंग ब्रेक आणि चाकांना ठोकळे, दोन्ही हवेत. एअर सस्पेन्शनच्या ट्रेलरमध्ये ब्रेक लावलेले असताना बॉडी वर-खाली झाली की ट्रेलर पुढे-मागेही सरकतो. म्हणून गाडीत सोय असेल तर शेवटचं टेकण्याआधी सस्पेन्शनची हवा सोडून बॉडी खाली बसू द्या.

डॉकच चुकीचा असेल

डॉककडे उतार असेल तर ट्रेलर मागे झुकतो आणि त्याचं वरचं टोक भिंतीकडे जातं. दहाला एक उतार आणि २.६ मीटर उंचीची बॉडी असेल तर वरचा काठ खालच्यापेक्षा सुमारे २६ सेंटिमीटर पुढे येतो. बंपर बहुतेकदा १० सेंटिमीटरच्या आसपास जाड असतात. म्हणजे रबराला टेकण्याआधी छत भिंतीला लागणार. इथे हाताचं कसब काही कामाचं नाही. बंपर पुढे काढणं किंवा लेव्हलरची जीभ लांब करणं हे डॉकवाल्याचं काम आहे.

थांबायचं कधी

ट्रेलरचा पुढचा कोपरा केबिनच्या मागच्या पत्र्याच्या जवळ आला, किंवा हवेचे पाइप ताणले गेले, की मागे एक इंचही नाही. फक्त पुढे. कोपरा टेकलेला असेल किंवा पाइप तुटून ब्रेक जाम झाले असतील तर इंजिनच्या जोरावर ओढू नका, रिकव्हरीवाल्याला बोलवा.

फिफ्थ व्हीलमधला खेळ, किंगपिनची झीज, सरकलेला अॅक्सल, न सुटणारा ब्रेक: हे ट्रेलरचं काम करणाऱ्या मेकॅनिककडे. स्प्रिंग ब्रेकचा चेंबर तर स्वतः उघडायचाच नाही, आतली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो.

आणि तीन-चारदा नीट पुढे घेऊनही ट्रेलर बसत नसेल, समोर अंतरच नसेल, तर हँडब्रेक ओढा, उतरा आणि यार्डच्या माणसाला सांगा की शेजारची गाडी काढा, दुसरा डॉक द्या, नाहीतर तुमचा शंटर बोलवा. तो रोज तिथेच लावतो, त्याला त्या डॉकच्या खोडी माहीत असतात.